शक्यता नाकारता येत नाही

मी रॉकेट उडवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात माझ्याबद्दल तसा समज आहे आणि तो मला आजवर नीट दूर करता आलेला नाही. लोणावळ्याच्या मंडईतली एक भाजीवाली मला दर आठवड्याला विचारते, "काय साहेब, आता कुठं सोडताय?" मी म्हणतो, बाई, मी कधीच सोडत नव्हतो, सोडलं की फक्त सांगायचो. ती हसते आणि मेथीची एक जुडी जास्तीची टाकते. मोठी माणसं अशीच बोलतात, असं तिला वाटत असणार.

मी नक्की कोण, हा प्रश्न मलाही आयुष्यभर पडलेला आहे. माझा जन्म पवना खोऱ्यातला. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन तरुण होते. पुढे आम्हा भावंडांकडून ते रोज पंचशील म्हणवून घ्यायचे. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, मला एकट्याला दोनदा म्हणायला लागायचं. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या तोंडाचीच मी पुढे नोकरी केली, आणि ती करताना एकही खोटा शब्द उच्चारला नाही, याचा मला फार दिवस अभिमान होता.

सैन्यात मी अधिकारी झालो, सिग्नल्समध्ये. तारा, वायरलेस, निरोप. वीस-बावीस वर्षं तिथं काढल्यावर अंतराळ खात्याला प्रवक्ता हवा आहे असं कळलं आणि कुणीतरी माझं नाव पुढे केलं. मुलाखतीत मला विचारलं, उपग्रह खाली का पडत नाही ते सामान्य माणसाला कळेल असं सांगा. मी सांगितलं. नंतर कळलं की मी सांगितलेलं साफ चूक होतं. तरी मला घेतलं. चूकसुद्धा हा माणूस शांतपणे सांगतो, एवढंच त्यांनी पाहिलं असावं.

तिथं मी बोलायला शिकलो की बोलणं विसरलो, मला ठरवता येत नाही. कामाची रीत साधी होती. बोलायचं ते एकाच तोंडानं. खात्री झाल्याशिवाय काही म्हणायचं नाही, आणि अंदाज तर कधीच द्यायचा नाही. एकदा एका उपग्रहाशी संपर्क तुटला. आतल्या खोलीतले इंजिनिअर पहिल्याच दिवशी दुपारी डबे उघडून मुकाट्यानं जेवायला बसले, तेव्हाच मी समजलो. पण बाहेर येऊन मी नऊ दिवस सांगत राहिलो की प्रयत्न सुरू आहेत, संपर्क पुन्हा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे खोटं नव्हतं. शक्यता कुणालाच नाकारता येत नसते. लोकांनीही नऊ दिवस आशा धरली आणि दहाव्या दिवशी सोडून दिली. कुणाचं काही बिघडलं नाही. यंत्रच होतं ते.

ही सवय घरात शिरली. गॅस आला का, असं बायकोनं विचारलं तर मी म्हणायचो, अजून तसं समजलेलं नाही. ती म्हणायची, "तुम्ही नवरा म्हणून काही बोलणार आहात, की नुसतं निवेदनच देणार आहात?" मी हसायचो. तिच्या आईच्या आजारपणात मात्र तिनं मला दवाखान्यातून घरी पाठवलं आणि डॉक्टरांशी स्वतः बोलली. का पाठवलं ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायचं धाडस होत नाही.

निवृत्त होऊन आम्ही लोणावळ्याजवळ वलवणला राहायला आलो. पवना धरणाच्या काठावर तोवर तंबूंची रांग लागली होती. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी यायची, आणि वर्षातून काही जण बुडून पाण्यातच राहायचे. त्यांना वर काढणारी आमच्या भागातली आठ-दहा माणसं आहेत. कुणी मासेमारी करतं, कुणी गॅरेज चालवतं. ती पगारी नाहीत. हाक आली की हातातलं काम टाकून जातात. त्यांच्यात सगळ्यांत वडीलधारे म्हणजे आबा. तीस वर्षं त्या धरणात जाळं टाकलेला माणूस, बोलायला अगदी कमी. एकदा ते तिघे-चौघे माझ्याकडे आले. आबा दारातच उभे राहिले.

"साहेब, पाण्याचं आमी बघतो. पर काठावर आई-बाप येत्यात, त्यांच्याशी बोलाया आमाला जमत न्हाई. तुमी टीव्हीवर बोलला हाय. तेवढं तुमी बघा."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. रिकाम्या माणसाला काम मिळालं. मी लगेच माझे नियम आणले. काठावर एकच माणूस बोलेल. खात्री झाल्याशिवाय कुणी काही बोलायचं नाही. आणि खरोखर फरक पडला. पूर्वी गर्दीतला कुणीही काहीही सांगायचा, सापडला, नाही सापडला, दुसराच सापडला. ते थांबलं. पोलीसही मला मान देऊ लागले. आबांनी मात्र माझ्या नियमांवर कधी मान डोलावली नाही, नाहीही म्हटलं नाही. मला ती संमती वाटली.

इथं सैन्यातली एक गोष्ट मध्येच आठवते, आणि ती आठवली की मी जास्तच गोंधळतो. तिशीत असताना माझ्या तुकडीतल्या एका जवानाच्या घरी मला जावं लागलं होतं. साताऱ्याकडचं गाव. त्याचे वडील गोठ्यात होते. मी टोपी काढली आणि म्हणालो, "बाबा, तुमचा मुलगा गेला." त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कधी?" मी वेळ सांगितली. मग संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसून राहिलो. एवढंच मला तेव्हा येत होतं, आणि ते पुरलं होतं. तो तिशीतला मीच होतो ना? मग मधल्या वर्षांत तो कुठं राहिला?

तर तो रविवार. पाऊस संपून हवा कोरडी झाली होती. सकाळी आठला फोन आला. ऑफिसातल्या मित्रमंडळींबरोबर तंबूत राहायला आलेली एक मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, उजाडताना एकटीच पोहायला उतरली होती आणि परत आली नव्हती. मी दुधिवरे खिंडीतून पोहोचेपर्यंत आबांची होडी पाण्यात होती. दोरीला लोखंडी गळ बांधून ते तळ चाचपत होते.

साडेनऊच्या सुमारास तिची आई आली. निगडीहून, भाड्याच्या गाडीनं, एकटीच. निवृत्त शिक्षिका. घरात या दोघीच, असं तिनंच सांगितलं. केस नीट विंचरलेले, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मुलीचे कोरडे कपडे आणि टॉवेल होता. मला दिसावं म्हणून तिनं ते दाखवलं नव्हतं. चष्मा शोधताना तिनं सगळं बाहेर काढून पुन्हा घड्या घातल्या. मी माझी ओळख करून दिली आणि म्हटलं, जे काही कळेल ते मी स्वतः येऊन सांगेन, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. तिनं मान हलवली. वर्गात मुलानं नीट उत्तर दिल्यावर हलवतात तशी.

अकराच्या आसपास आबांनी होडीतून हात वर केला. मी पाण्याच्या कडेला गेलो. ते होडी जवळ आणून हळू आवाजात म्हणाले, "लागलंय. पर वर यीना. खाली बुडल्याल्या जुन्या गावच्या भिंती हायेत, त्यात गुतलंय."

"नक्की?"

"व्हय."

"लाकूड नसेल कशावरून?"

"साहेब, लाकूड हाताला येगळं लागतं."

मी वळलो. चाळीस-पन्नास पावलांचं अंतर होतं. त्या पावलांत मी काय विचार केला ते आजही मला नेमकं आठवत नाही, आणि मी ते आठवायचा पुष्कळ प्रयत्न केलेला आहे. आबांच्या हाताला लागलं होतं, पण डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. खात्री झाली असं म्हणता येत होतं का? समजा मी सांगितलं आणि वर खरोखर ओंडका आला तर? असं काहीतरी डोक्यात होतं. भीतीही होती. ती कशाची होती ते नीट सांगता येत नाही.

ती उभी राहिली. "काय म्हणाले ते?"

"शोध सुरू आहे. अजून निश्चित असं काही हाती नाही."

"हे बघा," ती म्हणाली, "ती कॉलेजात स्पर्धांत उतरायची. पट्टीची पोहणारी आहे. हे पाणी तिला काही जड नाही. मला वाटतं, ती पोहत पोहत पलीकडे निघाली असेल. फोन इकडे तंबूत राहिला, मग कळवणार कशी? दमून बसली असेल कुणाच्या तरी घरी. असं होऊ शकतं ना?"

मी म्हणालो, "ती शक्यता नाकारता येत नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं. ती म्हणाली, मग मी पलीकडच्या वस्त्यांवर जाऊन विचारते, इथं नुसती बसून काय करू? रस्त्यावरून पवनानगरची एक जीप चालली होती. ती मीच हात करून थांबवली. ड्रायव्हरला मीच सांगितलं की ताईंना पलीकडे ने आणि त्या म्हणतील तिथं थांब. पिशवीही मीच तिच्या मांडीवर ठेवली. ती काठावर नसताना काम उरकावं, तिनं ते बघू नये, म्हणून मी असं केलं का? की तिच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून? बायकोला मी पहिलं कारण सांगितलं.

दीड वाजता मुलगी वर आली. तिच्याबरोबरच्या मंडळींना पोलिसांनी जबाबासाठी पवनानगरला नेलं होतं. काठावर आम्हीच होतो. कुणीतरी तंबूचं कापड आणून वर टाकलं. पंचनामा सुरू झाला. आबा बाजूला जाऊन बसले, हात धुतले, भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच पुन्हा बांधलं. मग माझ्याकडे आले.

"त्या बाईला कुटं घालवलीस?"

तीन वर्षं ते मला तुमी म्हणत होते. मी म्हणालो, "ती पलीकडे गेलीय. शोधायला."

"काय शोधाया?"

त्यांनी तंबूच्या कापडाकडे हात केला.

"मी तुला अकराला सांगितलं हुतं."

"आबा, तेव्हा खात्री नव्हती."

"माझ्या हाताला लागलं हुतं की रं," आबा म्हणाले. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की याहून जास्त काय लागतं. मलाही कळेना. इतकी वर्षं ज्या खात्रीची मी वाट बघत आलो ती कुणाच्या हाताची, कुणाच्या डोळ्यांची असते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढचं सांगायच्या आधी एक नंतरची गोष्ट सांगतो. मी लांबवतोय हे मला कळतंय. त्यानंतर काही महिन्यांनी एका मुलाचे वडील काठावर आले. या वेळी मी ठरवूनच गेलो होतो. आबांनी हात वर करताच मी सरळ जाऊन सांगितलं की तुमचा मुलगा गेला. ते माझ्या अंगावर धावून आले. "अजून वर आला नाही आणि तुम्ही कोण ठरवणारे?" म्हणाले. अर्ध्या तासानं मुलगा वर आला, माझं म्हणणं खरं ठरलं, आणि तरीही त्यांनी शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मग बरोबर कुठलं? लोक विचारतात, एवढी वर्षं बोलण्याचं काम केलंत, आम्हाला काही शिकवा. एका शाळेत मला त्यावर भाषण द्यायला बोलावलं होतं. मी तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही. माझ्या आठवणीतलं पहिलं सरळ खोटं ते असावं. चौथं शील मोडल्याची खंत मला त्या दिवशी मुळीच वाटली नाही, याचंच नवल वाटलं.

असो. त्या रविवारी मी दुसरी जीप करून पलीकडे निघालो. रस्ता धरणाला मोठा वळसा घालतो. पाणी सतत दिसत राहतं, पण काठ जवळ येत नाही. मी वाटेत वाक्यं जुळवत होतो. जुळवलेलं प्रत्येक वाक्य ऐकायला चांगलं होतं, म्हणून मी ते टाकून देत होतो.

ती तिसऱ्या वस्तीवर सापडली. एका घराच्या ओट्यावर बसली होती, हातात चहाचा कप. शेजारी घरातली बाई, साठीची, नऊवारी नेसलेली. आधीच्या दोन वस्त्यांत तिनं दारोदार विचारलं होतं. पायांवर धूळ होती, ऊन लागून तोंड लाल झालेलं होतं, आणि ती आनंदात होती.

"या साहेब," ती म्हणाली. "या मावशी म्हणतात, सकाळी वरच्या वाडीकडे कुणीतरी पोरगी जाताना दिसली. ओल्या कपड्यांत होती का ते यांना नक्की आठवत नाही. पण दिसली. आता तिकडेच निघाले होते. तुम्ही सांगितलंत म्हणून इकडे आले, नाहीतर तिथंच बसून राहिले असते."

मावशीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं. ती खाली बघायला लागली.

मी ओट्याच्या खालीच उभा राहिलो. "ताई," मी म्हणालो, "तुमची मुलगी गेली. दीड वाजता तिला वर काढलं. मला अकरालाच कळलं होतं."

ती रडली नाही. कप बशीत ठेवताना वाजू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी ठेवला. मग म्हणाली, "अकराला मी तुमच्यासमोर उभी होते."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

मला वाटलं, आता ती ‘का?’ असं विचारेल. पण तिनं ते विचारलं नाही. तिनं विचारलं, "आता तिच्याजवळ कोण आहे?"

"पोलीस आहेत. आमची माणसं आहेत."

"बाईमाणूस कुणी आहे?"

मी मनातल्या मनात काठावरची माणसं मोजली. दोन हवालदार, आबा, होडीतले दोघे, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. मी पुन्हा एकदा मोजली.

"नाही," मी म्हणालो.

"मी तिथं असते ना," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, पिशवीकडे बघून. "मी तिथं असते तर तिला निदान..." आणि तिथंच थांबली.

मला त्या क्षणी काहीतरी बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मावशी उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजल्याचं ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी न मोडलेलं नवं लुगडं होतं. तिनं त्या आईच्या दंडाला धरून तिला उठवलं, पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, घराला कडी घातली, आणि दोघी माझ्या बाजूनं जीपकडे गेल्या. चढताना मावशी माझ्याकडे वळली.

"आता काय बी बोलू नगा, साहेब," ती म्हणाली. "बसा, आन् बिगीनं चला. पोरगी एकटी हाय तितं."